तीन-पाच मराठा: पणजोबांची पलटण आणि त्यांचा हुद्दा

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरी पणजोबांचा फोटो आहे, खांद्यावर एकच चांदणी. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत चांदणीच्या आकाराची तीन पदकं, दोन गोल पदकं आणि 1949 सालचा एक फाटका डिस्चार्जचा कागद आहे. त्यावर 'जमादार' आणि भरतीच्या रकान्यात '3/5' एवढंच वाचता येतं. घरात सगळे सांगतात की ते 'मोठे ऑफिसर' होते. पण अधिकाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही आणि आजच्या मराठा रेजिमेंटमध्ये तिसरी पलटणच नाही. मग घरची गोष्ट खोटी समजायची का, आणि शोध कुठून सुरू करायचा?

ताई, गोष्ट खोटी नाही. मी रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क म्हणून भरती झालो आणि 28 वर्षांनी सुभेदार होऊन घरी आलो. नोकरीतली बरीचशी वर्षं जुन्या शीट रोलवरची, म्हणजे जवानाच्या सगळ्या नोकरीची नोंद असलेल्या कागदांवरची, धूळ झटकण्यात गेली, आणि पेन्शनीत आल्यावरही लोक तेच काम घेऊन येतात. तुमच्यासारखे कागद मी पुष्कळ पाहिलेत. तुम्ही शोध उलट्या टोकाने सुरू केलात, एवढंच झालंय. तुम्ही नाव शोधताय. नावावर जवान सापडत नसतो. आधी पलटण पक्की करायची, मग तारीख, आणि माणूस सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा तो '3/5'. तो 'तीन-पाच' असा वाचायचा. पाचवी रेजिमेंट, तिची तिसरी पलटण. एका घराने याचे 'पस्तीस मराठा' केले होते आणि दोन वर्षं पस्तिसावी पलटण शोधत होते. '2/5' चे 'पंचवीस' झालेलेही पाहिलेत. हा आकडा आला कुठून ते सांगतो. 1922 साली इंग्रजांनी फौजेची नवी मांडणी केली. तोपर्यंत प्रत्येक पलटणीला स्वतंत्र नंबर होता. त्या वर्षी 103, 105, 110, 116 आणि 117 या पाच मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आणल्या आणि त्यांना 1/5 पासून 5/5 पर्यंत नंबर दिले. 114 मराठा ही ट्रेनिंगची पलटण झाली, 10/5. तिचंच पुढे बेळगावचं सेंटर झालं. म्हणजे तुमची 3/5 ही मूळची 110 मराठा. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुतच्या वेढ्यात अडकली होती. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 वेढा चालला आणि शेवटी उपासमारीने शरणागती झाली. 103 आणि 117 या पलटणीही त्यात होत्या. तुमच्या पणजोबांच्या आधीच्या पिढीतला कोणी 'बसऱ्याला गेला तो आलाच नाही' असं घरात ऐकलं असेल, तर तोही शोध याच धाग्यावर चालतो.

इंग्रजी कागदांत शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या स्पेलिंगमध्ये 'मराठा' असा लिहिलेला नसतो. 'एम-ए'नंतर 'एच' येतो आणि पुढे दोन 'टी'. आजचं स्पेलिंग टाकलंत तर निम्मे कागद दिसणारच नाहीत.

आता तिसरी पलटण कुठे गेली? कुठेच गेली नाही, तिने फक्त टोपी बदलली. दुसरं महायुद्ध संपल्यावर 3 मराठा पॅराशूट पलटण झाली. स्वातंत्र्यानंतर ती 50 पॅरा ब्रिगेडबरोबर काश्मिरात नौशेरा भागात होती आणि मार्च 1948 मध्ये झांगड परत घेण्याच्या लढाईत लढली. ब्रिगेडिअर उस्मान तेव्हा ब्रिगेडचे कमांडर होते. तेच उस्मान 3 जुलै 1948 ला झांगडला तोफेच्या माऱ्यात गेले. 15 एप्रिल 1952 ला पॅराशूट रेजिमेंट वेगळी उभी राहिली आणि 3 मराठा तिची दुसरी पलटण झाली, म्हणजे 2 पॅरा. 11 डिसेंबर 1971 ला आजच्या बांगलादेशात टांगाइलला पॅराशूटने उतरली ती हीच. मराठा रेजिमेंटमध्ये तिसरा नंबर त्यानंतर रिकामाच राहिला. असं आणखी एकदा घडलंय: 21 मराठा 1996 साली 21 पॅरा झाली. म्हणून आजच्या यादीत नाव नाही म्हणजे पलटण नव्हती, असं कधी समजू नका.

तुमच्या पणजोबांचा डिस्चार्ज 1949 चा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंट उभी राहण्याच्या तीन वर्षं आधीचा. त्यामुळे त्यांचा शीट रोल बेळगावच्या मराठा रेकॉर्ड्सकडे मागायचा, पॅराकडे नाही. ही चूक फार होते आणि महिनेच्या महिने जातात.

हुद्द्याचं प्रकरण जरा सावकाश सांगावं लागेल, कारण घराघरांत भांडणं यावरूनच होतात. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानी फौजेत अधिकाऱ्यांच्या दोन जाती होत्या. एक राजाचं कमिशन असलेले. ते बहुतेक सगळे गोरे. दुसरे व्हाइसरॉयचं कमिशन असलेले: पायदळात जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर आणि रिसाल्यात (घोडदळात) जमादार, रिसालदार, रिसालदार मेजर. हे सगळे आपले लोक, शिपायापासून वर चढलेले. प्लाटून त्यांच्या हाताखाली असायची, जवान त्यांना 'साहेब' म्हणायचे, आणि जमादाराच्या खांद्यावर एक चांदणी, सुभेदाराच्या दोन. फोटोत तो अगदी सेकंड लेफ्टनंटसारखा दिसतो. पण काल आलेला विशीतला गोरा लेफ्टनंटसुद्धा वीस वर्षं नोकरी झालेल्या सुभेदार मेजरच्या वर असायचा. तेव्हा पणजोबा ऑफिसर होते का, याचं उत्तर होय आणि नाही, दोन्ही आहे. कमिशन होतं. आज आपण ज्याला अधिकारी म्हणतो तो वर्ग मात्र वेगळा. आजच्या हिशेबात ते जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), आणि जमादार हा हुद्दा 1965 पासून 'नायब सुभेदार' झाला.

यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. तरी मी घराघरांत पाहतो, फोटोखाली 'लेफ्टनंट' लिहून फ्रेम करतात. असं करू नका. युद्धाआधीच्या काळात शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार असं करत जमादार व्हायला पंधरा-सोळा वर्षं सहज जायची, आणि भरती झालेल्यांतले थोडेच तिथवर पोहोचायचे. सुटीवर आले की सबंध गाव पारावर जमायचं, ते उगीच नाही.

जमादार असतानाच पुढे राजाचं नव्हे पण नव्या भारताचं कमिशन मिळालेलेही होते. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे राम राघोबा राणे. कारवारकडचे. 1940 साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, जमादार झाले आणि 15 डिसेंबर 1947 ला सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांनी, एप्रिल 1948 मध्ये, नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळवलं. जिवंतपणी ते मिळवणारे पहिले तेच. त्यांचे कागद दोन ठिकाणी असणार: जमादारकीपर्यंतचे एका नंबरावर आणि अधिकारी झाल्यावरचे दुसऱ्या. म्हणून नंबराच्या आधीची अक्षरं कधी गाळू नका. 'आयसी' म्हणजे कायम कमिशनचा अधिकारी, 'जेसी' म्हणजे जेसीओ, 'एसएस' म्हणजे शॉर्ट सर्व्हिस. एक अक्षर चुकलं की अर्ज दुसऱ्याच टेबलावर जातो.

अधिकाऱ्याचा माग काढणं किती सोपं आणि जमादाराचा किती अवघड, हे तुमच्याच पलटणीच्या उदाहरणावरून दाखवतो. मार्च 1941, पूर्व आफ्रिकेत एरिट्रियातलं केरेन. समोर इटालियन फौज डोंगरावर बसलेली, खाली दरी, वरून मशीनगन. 15 मार्चला 3/5 मराठाने 'पिनॅकल' नावाची टेकडी चढून घेतली. त्या वेळचे कमांडिंग ऑफिसर डेनिस रीड. या रीडसाहेबांचं पुढचं आयुष्य तुम्ही घरबसल्या जुळवू शकता: ब्रिगेडिअर झाले, 1942 साली वाळवंटात जर्मनांच्या हाती लागले, इटलीतल्या कैदेतून निसटले, आणि 1944 मध्ये 10व्या हिंदुस्थानी डिव्हिजनचे जनरल झाले. त्याच डिव्हिजनमध्ये तेव्हा त्यांची जुनी पलटण 3/5 लढत होती! प्रत्येक बढती, प्रत्येक बदली आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या यादीत, छापलेली. आणि त्यांच्यापुढे टेकडी चढणारा हवालदार? पलटणीच्या वॉर डायरीत (लढाईच्या रोजच्या नोंदवहीत) अधिकारी जखमी झाला तर नावानिशी नोंद, आणि जवान मात्र 'अदर रँक्स' म्हणून नुसत्या आकड्यात. बसऱ्याच्या स्मारकावरही तसंच केलं होतं, अधिकारी नावाने आणि हिंदुस्थानी शिपाई संख्येने. मला याचा राग येतो, आजही येतो. पण कामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की आपल्या माणसाचं नाव डायरीत नसलं तरी तो त्या दिवशी कुठे होता हे डायरीच सांगते, फक्त तो त्या तारखेला त्या पलटणीत होता हे आपल्याला सिद्ध करता आलं पाहिजे.

इथे पदकं कामाला येतात. चांदणीच्या आकाराची तीन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली. सहा टोकं मोजा आणि मधल्या गोलाकार पट्टीवरची अक्षरं वाचा. एक बहुतेक '1939-45 स्टार' असणार, ती प्रत्यक्ष युद्धभूमीवर गेलेल्या जवळजवळ सगळ्यांकडे असते. बाकीच्या दोन कोणत्या, यावर सगळं ठरतं. 'आफ्रिका' आणि 'इटली' असतील तर तुमचा '3/5' चा कागद आणि पदकं एकमेकांना दुजोरा देतात: केरेन आणि मग इटली. इटलीच्या पदकाची रिबन त्यांच्या झेंड्याच्या रंगांची, लाल-पांढरी-हिरवी. त्याऐवजी 'बर्मा' निघाली तर थांबा आणि पुन्हा विचार करा. मराठ्यांपैकी 4/5 ब्रह्मदेशाच्या बाजूला होती, मार्च 1944 मध्ये सांगशाकला जपान्यांशी झुंजली. म्हणजे पणजोबांची मधेच बदली झालेली असू शकते. फक्त आफ्रिका आहे आणि इटली नाही, असंही एखाद्या घरी निघतं. तेव्हा मी 2/5 चा कागद शोधतो, कारण ती पलटण जून 1942 मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली आणि तिचे लोक युद्धकैदी म्हणून इटलीत गेले. इटली पाहिली पण इटलीचा स्टार नाही, अशी ती माणसं.

गोल पदकांपैकी एक वॉर मेडल असेल. दुसरं स्वातंत्र्यानंतरचं असेल, आणि त्याच्या रिबनवर 'जम्मू अँड काश्मीर' अशी आडवी पट्टी असेल, तर झांगडचा प्रश्नच मिटला.

पदकं घासू नका. हे मी हात जोडून सांगतो. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी चिंच आणि राख लावून लखलखीत करतात, आणि कडेवर कोरलेली अक्षरं दर वर्षी थोडी थोडी पुसत जातात. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. शोधासाठी त्यापेक्षा मोठा पुरावा नाही. त्या वेळचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं. एका आजींनी मला सांगितलं, सासूने ते मोडून नातवाला वाळे केले. आजींच्या दृष्टीने त्यात काही चुकलं नव्हतं, आणि मीही काही बोललो नाही. पण कडेचा नंबर कुणी लिहून ठेवला असता तर त्या घरचं काम एका दिवसात झालं असतं. तुमच्या पदकांच्या कडा मऊ कोरड्या फडक्याने पुसा, तिरप्या उजेडात धरा आणि मोबाइलवर फोटो काढा. काहीच कोरलेलं नसलं तरी घाबरू नका, दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांत तसंही असतं.

3/5 इटलीत असतानाचा एक दिवस प्रत्येक मराठा जवानाला माहीत असतो. 10 जुलै 1944, टायबर नदीचं वरचं खोरं. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. सेक्शनमधले बाकीचे सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, मोर्चा घेतला, आणि तिथेच गोळ्या लागून पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. त्यांची कबर नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. रेजिमेंटचा त्या युद्धातला दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस 1/5 चे शिपाई नामदेव जाधव यांचा, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. नगर जिल्ह्यातले. ते परत आले. तुमचे पणजोबा तेव्हा 3/5 मध्ये हवालदार किंवा जमादार असतील तर घाडग्यांना ओळखत असण्याची शक्यता दाट. पण 'त्यांच्याच प्लाटूनमध्ये होते' असं एकदम लिहून टाकू नका. पलटणीत चार रायफल कंपन्या असतात, आणि युद्धाआधीच्या पद्धतीप्रमाणे देशावरचे मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्या कंपन्या वेगवेगळ्या असायच्या. साताऱ्याचा माणूस आणि माणगावचा माणूस एका कंपनीत असेलच असं नाही. शीट रोलमध्ये 'क्लास'चा रकाना असतो, तो पाहिला की कंपनीचा अंदाज येतो.

अजून एक शंका तुमच्या पत्रात होती: घरातले दुसरे एक आजोबा खरोखर राजाचं कमिशन असलेले अधिकारी होते, पण मराठा असून 'पंजाब' रेजिमेंटमध्ये कसे? हे अगदी शक्य आहे. 1923 साली इंग्रजांनी ठरवलं की हिंदी अधिकारी ठराविक आठच पलटणींत घालायचे. त्यांत मराठ्यांची 5/5 होती, हैदराबादची 4/19 होती, 1/14 पंजाब होती. म्हणून कोल्हापूरचे शंकरराव थोरात सँडहर्स्टहून 1926 साली कमिशन घेऊन आले ते 1/14 पंजाबमध्ये. पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयूब खान याच पलटणीतले. थोरातांनी 1945 च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगॉला 2/2 पंजाबचं नेतृत्व केलं, डीएसओ हा लष्करी सन्मान मिळवला, आणि 1961 साली पूर्व विभागाचे लष्करप्रमुख म्हणून निवृत्त झाले. 1/14 फाळणीत पाकिस्तानात गेली. 2/2 आपल्याकडे राहिली आणि आज तिचं नाव 1 गार्ड्स आहे. एकाच माणसाच्या दोन पलटणी, एक सीमेपलीकडे आणि एक नाव बदलून इकडे. माणेकशांचंही तेच: मूळ पलटण फ्रंटियर फोर्सची, ती पाकिस्तानात गेली, म्हणून नंतर ते गोरखा रायफल्सचे झाले. शिवाय त्या काळी नवा हिंदी अधिकारी पहिलं वर्ष एखाद्या गोऱ्या पलटणीत काढायचा. माणेकशांनी ते रॉयल स्कॉट्समध्ये काढलं. त्यामुळे आजोबांच्या तरुणपणीच्या फोटोत टोपीवर भलताच बिल्ला दिसला तर फोटो दुसऱ्याचा आहे असं समजू नका.

आता प्रत्यक्ष काम. बेळगावला अर्ज करताना पणजोबांचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, गाव, त्या वेळचा तालुका (आजचा नव्हे), हुद्दा, असेल तर नंबर, भरतीचं आणि सुटण्याचं वर्ष लिहा. वारस असल्याचा पुरावा जोडा. पेन्शन मिळत होती का ते आजीला किंवा चुलत्यांना विचारा. पेन्शन बुक किंवा पीपीओचा (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) तुकडा जरी सापडला तरी अर्ध्याहून जास्त काम झालं, कारण पेन्शनरांचे कागद जास्त काळ जपले जातात. शीट रोल मिळाला तर त्यात उंची, छाती, शरीरावरची खूण, डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा, बायकोचं नाव, कुठल्या तारखेला कुठल्या बोटीने गेले आणि आले, असं बरंच काही असतं. एका पणतूने तो अंगठ्याचा ठसा पाहिला आणि कितीतरी वेळ त्यावर आपला अंगठा ठेवून बसला होता. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक चक्कर मारा, जुन्या माजी सैनिकांच्या नोंदी तिथे असू शकतात.

नावाच्या स्पेलिंगचा हट्ट धरू नका. भरतीच्या वेळी कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. 'दत्तू'चा 'दादू' होतो, आडनाव गळून जातं, आणि बापाचं नाव हेच आडनाव होऊन बसतं. वडिलांचं नाव आणि गाव जुळलं तर माणूस तोच समजायला हरकत नाही.

आणि तो फोटो फ्रेममधून बाहेर काढून उलटा करून बघा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलने तारीख असते. शिक्का कैरोचा निघाला तर मला कळवा, आणि त्याबरोबर उजव्या बाहीचा जवळून फोटोही पाठवा. तिथे पंख शिवलेले दिसले तर पणजोबा पॅराशूट घालून उडी मारलेले असणार, आणि त्या दृष्टीने पुढचे कागद वेगळे मागावे लागतील.